घोंगडीचं विशेषण

तासगावच्या शाळेत मी नोकरीला लागले, त्या दिवशी माझा इंग्रजीतला अर्ज शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पडलेला होता आणि त्यावर लाल शाईनं दुरुस्त्या केलेल्या होत्या. मुख्याध्यापकांनी नव्हे, इंग्रजीच्या बाईंनी. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "गणित शिकवणार ना तुम्ही?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे," असं म्हणून त्या छत्री घेऊन वर्गावर निघून गेल्या. मी मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. रडलेलं कुणाला कळू नये म्हणून.

संध्याकाळी बाई माझ्या दारात हजर. "तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. माझ्या शेजारची खोली रिकामी आहे. उद्या सामान हलवा." सकाळच्या प्रकाराबद्दल एक अक्षर नाही. मी सामान हलवलं. पुढची काही वर्षं आमच्या दोघींच्या मध्ये एक पातळशी भिंत होती आणि तिच्यातून मला बाईंचं इंग्रजी पाठांतर ऐकू येत असे.

बाई तेव्हा चाळिशीच्या असतील. लग्न झालं त्याच वर्षी नवरा गेला. सासऱ्यांनी माहेरी पाठवलं नाही, पुण्याला ठेवून बी. ए. केलं. ते सासरेही पुढे गेले. बाईंना मागे-पुढे कुणी नव्हतं. नऊवारी लुगडं, पायात पुरुषी वहाणा, बाराही महिने हातात छत्री. चहा उभ्यानं पीत. बसून प्यायला की गप्पा सुरू होतात, असं त्यांचं म्हणणं. लग्नाच्या छापील पत्रिकेत इंग्रजी मजकूर असला की तो दुरुस्त करून पत्रिका परत पाठवत. लग्नाला मात्र आवर्जून जात आणि वरपित्याला विचारत, "मिळाली ना माझी दुरुस्ती?"

शाळेत त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. शब्द मुलांच्या हाताला लागल्याशिवाय त्या फळ्यावर लिहीत नसत. 'ब्रिटल' शिकवायचा म्हणजे वर्गात कच्चे पापड येत आणि मुलं ते कडाकडा मोडत. 'व्हिस्कस'ला काकवीचा गडू आला होता. त्या दिवशी सगळ्या वर्गाच्या वह्या चिकट झाल्या आणि मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. बाई म्हणाल्या, "वह्या वाळतील. शब्द राहील."

असाच एक दिवस त्यांनी 'अ‍ॅब्रेसिव्ह' हा शब्द आणला. तो इंग्रजी सहावीचा, म्हणजे मॅट्रिकच्या आधीचा वर्ग होता. टेबलावर पाय घासायची वज्री, विटेचा तुकडा आणि सुताराकडचा पॉलिश पेपर. मुलांनी पाटीवरच्या पेन्सिली त्यांवर घासून बघितल्या. माझा तास शेजारच्या वर्गात होता. खरखर इतकी चालली होती की मी गणित थांबवून ऐकत उभी राहिले.

बाई सांगत होत्या, "रफ तर बाभळीचं खोडही असतं. ते आपल्या जागी उभं असतं, कुणाचं काही नेत नाही. जे घासतं आणि घासता घासता दुसऱ्याचं थोडं काढून नेतं, ते अ‍ॅब्रेसिव्ह. आता प्रत्येकानं आपापल्या घरातली एक वस्तू शोधून आणा. पुस्तकातली नको."

त्या वर्गात हौसा होती. तिचे वडील धनगर. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून मेंढरं घेऊन दरसाल आमच्या बाजूला चारणीला येत. हौसा तासगावात आत्याकडे राहून मराठी सातवी झाली होती, चांगल्या गुणांनी. त्यानंतर वडील तिला परत न्यायला आले. लग्न ठरवायचं होतं. ही बातमी लागल्यावर बाई छत्री घेऊन थेट मेंढरं बसवलेल्या रानात गेल्या. मलाही ओढून नेलं. लांबूनच कुत्री अंगावर आली. मी ओरडून बांधावर चढले. बाई जागच्या हलल्या नाहीत. वर्गात ओरडत तशा ओरडल्या, "सायलेन्स!" आणि खरंच कुत्री गप्प झाली.

हौसाचे वडील काठीवर हनुवटी टेकून हे पाहत होते. बाईंनी तिथंच, लेंड्यांच्या वासात उभ्या उभ्या, मुलीला इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून सांगितलं.

"आवं बाई, आमी मेंढरामागं फिरनारी मानसं," ते म्हणाले. "विंग्रजी शिकून ती काय मेंढरं विंग्रजीत हाकनार हाय व्हय?"

"मेंढरं तुम्ही हाका. तिला मी बघते."

"आन् लगीन?"

"ते कुठं पळून जातंय?"

वडिलांनी एकदा कुत्र्यांकडे पाहिलं. मग हसले. "आमच्या कुत्र्यांनी तुमचं ऐकलं, तवा मी कोन? न्या. पर बाई, पोरगी लय हट्टी हाय, सांगून ठेवतो."

हौसा अशी शाळेत आली. शाळेच्या चालक मंडळातल्या काही जणांना ते रुचलं नव्हतं. मुलींनी शिकायला त्यांची ना नव्हती. कोणत्या मुलींनी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बाईंनी हौसाला पहिल्या बाकावर बसवलं आणि तो प्रश्न आपल्यापुरता संपवून टाकला.

त्या वर्षी तपासणीला जे साहेब आले ते विलायतेत शिकून आलेले होते. बोलणं मृदू, कपडे नीटस. बाईंच्या वर्गात ते आले तेव्हा मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून मीही मागे उभी होते. भिंतीवर महिन्याभरात शिकवलेल्या शब्दांचा तक्ता होता. साहेबांनी त्यातल्या 'अ‍ॅब्रेसिव्ह'वर छडी ठेवली आणि वाक्य करायला सांगितलं.

हौसा उठली. "माय फादर्स ब्लँकेट इज अ‍ॅब्रेसिव्ह, सर."

साहेब मनापासून हसले. हेटाळणी नव्हती त्यात. "नो, नो. ब्लँकेट इज रफ. ऑर कोअर्स. अ‍ॅब्रेसिव्ह म्हणजे वाळू, दगड, असं काही. सिट डाउन."

हौसा बसायला लागली. बाई म्हणाल्या, "हौसा, उभी राहा. साहेब, आपण घोंगडी पांघरलीय कधी?"

मुख्याध्यापक खोकले.

"प्रश्न इंग्रजीचा आहे, बाई," साहेब म्हणाले.

"इंग्रजीचंच विचारते आहे. रफ म्हणजे नुसती खरबरीत. ही घोंगडी तिच्या मानेवर घासून कातडी काढते." आणि मला काही कळायच्या आत त्या हौसाजवळ गेल्या, तिची वेणी बाजूला केली. मानेवर घोंगडीची डोक्यावरून घेतलेली खोळ घासून घासून पडलेला काळसर, खरवडलेला पट्टा होता. "हे बघा. हिला कोणता शब्द द्यायचा, आपणच सांगा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते बाहेर पडले.

संध्याकाळी हौसा आमच्याकडे आली. खाली बघत, पण ठामपणे म्हणाली, "बाई, समद्या पोरांसमोर माझी मान उघडी केलीसा. मला न्हाई आवडलं."

बाई कणीक मळत होत्या. हात तसाच परातीत राहिला. "चुकले मी," त्या म्हणाल्या. "पुन्हा होणार नाही."

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेवढा एकदाच ऐकला.

तपासणीचा अहवाल आला तेव्हा मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. मला बाईंनीच बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून. अहवालात दोन गोष्टी होत्या. एक, हौसाला इंग्रजीचं आकलन बेताचं असून तिला मॅट्रिकच्या वर्गात चढवताना शाळेनं विचार करावा. दोन, इंग्रजीच्या शिक्षिकेची वागणूक, साहेबांनी इंग्रजीत लिहिलं होतं, अ‍ॅब्रेसिव्ह आहे.

मुख्याध्यापक स्वभावानं गरीब माणूस. ते चाचरत म्हणाले, "बाई, मंडळ चिडलंय. मुलीला मॅट्रिकच्या वर्गात चढवू नका म्हणतात. आणि तुमची नोकरी... तुम्ही एक माफीपत्र द्या. मी कसंही करून निभावून नेतो."

बाईंचं लक्षच नव्हतं. त्या अहवाल खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचत होत्या आणि त्यांचा चेहरा खुलत चालला होता.

"अहो, पाहिलंत का?" त्या मला म्हणाल्या. "मी काही कुणाची कातडी घासत नाही. वाळू नाही, दगड नाही. तरी साहेबांनी मला हे विशेषण लावलं. माणसाला लागतं, मग घोंगडीला का लागू नये? त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय!"

"बाई, माफीपत्र..." मुख्याध्यापक म्हणाले.

"आधी साताऱ्याला जाऊन येते."

साहेबांची कचेरी साताऱ्यात होती. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भलंमोठं लोखंडी नळकांडं, त्यात कोळसा पेटवायचा आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. बाई, मी आणि हौसा असे निघालो. हौसाला न्यायचं की नाही हे बाईंनी या वेळी तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "येते की. वाक्य माझं हाय."

कऱ्हाडला मोटार बदलताना पोलिसांनी आमच्या पिशव्या उघडल्या. चळवळीमुळे तेव्हा झडत्या फार होत. बाईंच्या पिशवीतून जाडजूड इंग्रजी शब्दकोश निघाला आणि त्याखाली विटेचा तुकडा.

"ही वीट कशाला, बाई?" शिपायानं विचारलं.

"पुरावा आहे."

"कशाचा?"

"विशेषणाचा."

शिपायानं आमच्या तिघींकडे पाळीपाळीनं पाहिलं आणि वीट परत पिशवीत ठेवली.

साताऱ्यात किल्ल्याखालच्या रस्त्यावर साहेबांची कचेरी होती. आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं. आत गेलो तेव्हा साहेब दमलेले दिसले. बाईंनी शब्दकोश उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

"अर्थ वाचा, साहेब. घासून झिजवणारा, एवढाच आहे. दगड आणि वाळू उदाहरणात आहेत. अर्थात नाहीत."

साहेबांनी वाचलं. मग बाईंना सोडून ते हौसाकडे वळले. मराठीत म्हणाले, "बाळ, रफ आणि अ‍ॅब्रेसिव्ह यांत फरक काय? बाईंनी शिकवलेलं नको. तुला वाटतं ते सांग."

हौसानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सायेब, रफ म्हंजी हात लावल्यावर कसं लागतं ते. अ‍ॅब्रेसिव्ह म्हंजी रोज लागून लागून ते काय करतं ते. आमचं नवं घोंगडं दोनी हाय. बारका भाऊ त्यात निजला तर नुसतं टोचतंय म्हनून रडतो. माझी मान गेली."

साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांना उत्तर आवडलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. पण माणूस हुशार होता आणि बाईंनी भर वर्गात केलेला अपमानही तो विसरला नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "मी नियम एकच लावणार. हा शब्द फक्त दगडावाळूसाठी असेल, तर तुमच्याबद्दल तो वापरण्यात माझी चूक झाली. आत्ता खोडतो, त्या जागी 'स्ट्रिक्ट' लिहितो. तुमचं मंडळही शांत होईल. पण मग घोंगडीही चूक. आणि झिजवणाऱ्या कशालाही तो लागत असेल, तर ही मुलगी बरोबर. आणि मीही बरोबर. मग तुमच्याबद्दलचा शेरा तसाच राहील. बोला."

तो शेरा राहिला तर बाईंची नोकरी जाणार, हे साताऱ्याला निघताना आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, असं कसं? बाईंनी या शाळेसाठी..."

"तुम्ही थांबा," बाई मला म्हणाल्या. "हा गणिताचा प्रश्न नाही."

त्यांनी शब्दकोश आपल्याकडे ओढून त्या शब्दावर बोट ठेवलं. विचार करत होत्या असं मी म्हणणार नाही. विचार त्यांचा झालेला होता. बहुधा त्या तो शब्द स्वतःला लावून बघत होत्या.

"मुलगी बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"आणि मी?"

"आपणही." मग जरा पुढे वाकून म्हणाल्या, "शब्द योग्य जागी वापरलाय आपण. मला आधी रागच आला होता. पण खरं तेच आहे. या बाईंना विचारा, पहिल्याच दिवशी मी यांना रडवलं होतं."

म्हणजे नळावरचं त्यांना माहीत होतं! इतकी वर्षं माहीत होतं.

साहेबांनी हौसाबद्दलचा शेरा खोडला. त्याच्या जागी दोन ओळी चांगल्या लिहिल्या, सही केली. बाईंच्या शेऱ्याला हात लावला नाही. आम्ही निघालो तेव्हा ते उठून उभे राहिले, हे मात्र सांगायला हवं.

परतीच्या मोटारीत हौसा रडत होती. "माझ्यापायी तुमची नोकरी जानार, बाई. एका वाक्यासाटी कशाला वो?"

"तुझ्यापायी नाही. वाक्य बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "बरोबर वाक्य चूक म्हणून सोडून दिलं, तर उद्या मी वर्गात काय शिकवू?"

"वर्गच राहनार न्हाई की!"

बाईंनी छत्री मांडीवर आडवी धरली आणि त्या बाहेर बघत राहिल्या.

हौसा मॅट्रिकच्या वर्गात चढली. बाईंना सत्र संपताच कमी केलं. माफीपत्र त्यांनी दिलं नाही. मुख्याध्यापक निरोप द्यायला खोलीवर आले आणि दारातच घुटमळले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि, काय सांगू, "बसा," म्हणून स्वतःही बसून प्यायल्या.

त्या सांगलीला गेल्या. तिथं शिकवण्या करू लागल्या. शिकवण्या टिकत आणि तुटत, कारण बाई पोरांच्या आधी पालकांना दुरुस्त करत. पण दर रविवारी सकाळच्या मोटारीनं त्या तासगावला येत. हौसाचं इंग्रजी बघायला. पहिल्या रविवारी त्या शाळेच्या व्हरांड्यात बसल्या. मंडळानं निरोप पाठवला, आवारात येऊ नये. पुढच्या रविवारी त्या फाटकाबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. पुन्हा कुणीतरी उठवायला आलं.

"हा रस्ता म्युनिसिपालटीचा," बाई म्हणाल्या. "मंडळाचा नाही. हौसा, पुढचं वाच."

वर्षभर बाई त्या कठड्यावर बसल्या. उन्हात छत्री उघडून, थंडीत धाबळी गुंडाळून. हळूहळू हौसाशेजारी आणखी मुलं येऊन बसू लागली. त्यात मंडळातल्यांच्या घरची पोरंही होती. मी खोलीतून पाण्याची कळशी घेऊन जाई आणि तिथंच थांबे.

हौसा मॅट्रिक झाली. निकाल घेऊन आम्ही दोघी सांगलीला बाईंकडे गेलो. बाईंनी आधी इंग्रजीचे गुण पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे कमी आहेत. फेरतपासणीचा अर्ज करू. मग विलिंग्डनला..."

"नको, बाई," हौसा म्हणाली.

"नको कसं? कॉलेजात जायचं, इंग्रजी घेऊन..."

"मी मिरजेला जानार. नर्स व्हायला. मी तिथं विचारून आले. घेतो म्हनालेत."

बाई उठून उभ्या राहिल्या. मग जे सुरू झालं ते आठवडाभर चाललं, असं मला नंतर कळलं. बाईंनी समजावलं, रागावल्या, बोलणं बंद केलं, पुन्हा सुरू केलं. सगळी हत्यारं वापरली. हौसा शांतपणे ऐकून घ्यायची आणि तेच सांगायची. तिच्या आईचं बाळंतपण रानातच अडलं होतं, जवळपास कुणी जाणतं नव्हतं, आणि आई त्यात गेली. हे तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईंनाही नाही.

शेवटी तिला मिरजेला पोचवायला आम्ही दोघी गेलो. ट्रंक बाईंनी स्वतः उचलली, कुणाला हात लावू दिला नाही. दवाखान्याच्या फाटकाशी बाईंनी ट्रंक खाली ठेवली आणि शेवटचा प्रयत्न केला. "हौसा, अजून विचार कर. मी म्हणते ते..."

हौसानं वाकून नमस्कार केला. मग सरळ उभी राहून, बाईंच्या डोळ्यांत बघत, सावकाश इंग्रजीत म्हणाली, "नो, बाई. आय हॅव डिसायडेड."

तिनं ट्रंक उचलली आणि ती आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

आम्ही स्टेशनवर आलो. सांगलीची गाडी लागलेली होती. बाई खिडकीशी बसल्या. गाडी सुटली तरी त्या मागेच बघत होत्या. मला वाटलं, आता यांना कशानं धीर द्यावा? एवढ्या लढल्या, नोकरी घालवली, आणि पोरीनं ऐकलं नाही. विश्रामबाग मागे पडल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "आय हॅव डिसायडेड. नुसतं 'डिसायडेड' नाही म्हणाली. 'हॅव' घातलं. म्हणजे निर्णय झालेला आहे आणि तो अजून कायम आहे." आणि मग, डोळ्यांतलं पाणी तसंच राहू देत, त्या मोठ्यानं हसल्या. "याच्यापुढे मी काय बोलणार हो?"